चंद्रावरच्या रात्री पृथ्वी कशी दिसते? (चित्रासाठी विचारतेय)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. मुलांच्या मासिकातल्या एका गोष्टीसाठी चित्र काढायचंय. गोष्टीतली मुलगी चंद्रावरच्या तळावर राहते. एके रात्री ती कुणाला न सांगता बाहेर पडते आणि टेकडीमागून पृथ्वी उगवताना बघते. चित्र दोन पानांवर पसरलेलं, 40 सेंटिमीटर रुंद, आणि त्यावर मजकूर जेमतेम दोन ओळी. म्हणजे सगळी भिस्त चित्रावर.

इतरांनी काय केलंय ते बघायला गेले तर प्रत्येकाची पृथ्वी वेगळी. कुठे अर्धं आकाश व्यापलेली, कुठे ठिपक्याएवढी. कुणी जमीन काळी ठार रंगवलीय, कुणी निळी. लेखकांना विचारलं तर म्हणाले, "चित्र तुमचं, तुम्हीच ठरवा." मला ठरवायचं नाहीये हो, खरं काय ते हवंय!

पृथ्वी केवढी दिसते? तिचा उजेड जमिनीवर पडतो का? पडत असेल तर मुलीला पायाखालचे दगड दिसतील, की नुसताच अंधार? रंग कळतील का? चांदण्या काढू का? विज्ञानाशी माझा संबंध शाळेबरोबर संपला, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

वक्री_मंगळ

ताई, आधी ते "उगवताना" काढून टाका. बाकीचं मग बघू.

चंद्र स्वतःभोवती आणि पृथ्वीभोवती एकाच वेळात फिरतो, साधारण 27.3 दिवसांत. म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. हीच गोष्ट चंद्रावर उभं राहून बघा: तिथल्या आकाशात पृथ्वी एका जागी टांगलेली असते. सूर्य उगवतो, मावळतो, पृथ्वीमागून नक्षत्रं सरकत जातात, पृथ्वी मात्र तिथेच. आणि मागच्या बाजूला जन्म घालवला तर ती आयुष्यात दिसणार नाही. 2019 च्या जानेवारीत चीनचं छांग-अ 4 त्या बाजूला उतरलं, पण त्याच्याशी बोलायला आधीच्या वर्षीच एक निरोप्या उपग्रह पाठवून ठेवावा लागला होता. कारण तेच.

मग "उगवत्या पृथ्वी"चा तो प्रसिद्ध फोटो? तो 24 डिसेंबर 1968 ला अपोलो 8 मधून बिल अँडर्सनी घेतला. यान चंद्राभोवती दोन तासांत एक फेरी मारत होतं. यान फिरत होतं म्हणून पृथ्वी वर आली. खाली जमिनीवर कुणी उभं असतं तर त्याला काही हललेलं दिसलं नसतं.

थोडी हालचाल असते, नाही असं नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आणि किंचित कललेली असल्यामुळे पृथ्वी आपल्या जागेभोवती डुलते: पूर्व-पश्चिम जवळपास 8 अंश, उत्तर-दक्षिण पावणेसात अंश. चंद्राच्या अगदी कडेला, जिथे पृथ्वी क्षितिजाला टेकलेली असते, तिथे या डुलण्यामुळे ती महिन्यातून एकदा वर येते आणि एकदा खाली जाते. म्हणजे उगवते खरी, पण इतकी सावकाश की पूर्ण बिंब वर यायला दिवस-दिवस लागतो. तुमची मुलगी तेवढा वेळ गुपचूप बाहेर राहणार असेल तर हरकत नाही.

ती कुठे आणि किती उंच दिसेल, हे तळ कुठे आहे त्यावर ठरतं. अपोलो 11 उतरलं तिथे ती क्षितिजापासून 66 अंश वर होती, म्हणजे मान चांगलीच मागे टाकावी लागणार. अपोलो 17 च्या जागी साधारण 54. तिथला एक फोटो बघा, झेंडा, अंतराळवीर श्मिट आणि वर पृथ्वी, असं तिन्ही एका चौकटीत आहे. ते जमवायला फोटो काढणाऱ्या सर्नन यांना कॅमेरा पार खाली नेऊन वर रोखावा लागला. चांद्रयान-3 च्या जागी, म्हणजे 69 अंश दक्षिणेला, मी हिशेब केला तर पृथ्वी फक्त 17 अंश वर येते. टेकडी आणि पृथ्वी एका चित्रात हवी असेल तर ही जागा उत्तम.

तेव्हा आधी सांगा, तळ कुठे आहे?

लाइटवाला

मी नाटकाच्या प्रकाशयोजनेचं काम करतो, त्यामुळे उजेडाचा प्रश्न माझा.

पृथ्वीवर टिपूर चांदणं असतं तेव्हा जमिनीवर पाव ते तीन दशांश लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. एवढ्यात आपल्याला वाट दिसते, रंग दिसत नाहीत. लाल शाल आणि काळी शाल सारखीच. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना तो उजेड पुरत नाही.

आता चंद्रावर. वातावरणाबाहेर सूर्याचा उजेड सुमारे 1,33,000 लक्स. पृथ्वी त्यातला किती मागे फेकते, ती केवढी आहे आणि किती लांब आहे, याचा गुणाकार केला की पूर्ण पृथ्वीचा उजेड 13 लक्सच्या आसपास येतो. ढग कमी-जास्त असतील तसा आकडा हलेल, म्हणून 10 ते 15 धरा. सूर्याच्या मानाने दहा हजारपट कमी, पण आपल्या चांदण्याच्या मानाने चाळीसपट जास्त.

13 लक्स म्हणजे काय ते मला रोज दिसतं. प्रयोग संपल्यावर मुख्य दिवे बंद करून आम्ही रंगमंचावर एक लहान दिवा ठेवतो, त्याच्यापासून दोन-चार पावलांवर एवढाच उजेड असतो. त्यात संहिता वाचता येते. पोशाखाचे रंग कळतात. जमिनीवर पडलेला खिळा दिसतो. तर तुमच्या मुलीला दगड दिसतील, स्वतःच्या बुटांचे ठसे दिसतील, हातमोज्याचा रंगही दिसेल. अपोलो 11 वाल्यांनी चंद्राजवळ पोचताना हेच कळवलं होतं, खिडकीतून येणाऱ्या पृथ्वीच्या उजेडात पुस्तक वाचता येईल म्हणून.

काळी ठार जमीन रंगवणाऱ्यांनी पृथ्वी नुसती चिकटवली, लावली नाही. आमच्याकडे अशा दिव्याला शोभेचा दिवा म्हणतात.

शंकेखोर

चाळीसपट कशी? पृथ्वीचं बिंब चंद्राच्या 13 पट मोठं, हे मी अनेक ठिकाणी वाचलंय. मग उजेडही 13 पटच हवा ना. आकडे फुगवण्याचा छंद असतो लोकांना.

वक्री_मंगळ

13 पट हे फक्त क्षेत्रफळ झालं. व्यास 3.67 पट, त्याचा वर्ग 13.5. पण प्रत्येक चौरस इंच किती उजळ आहे, ते कुठे गेलं? चंद्र आपल्याला पांढरा दिसतो तो काळ्या आकाशामुळे. प्रत्यक्षात तो जुन्या डांबरी रस्त्यासारखा गडद आहे, आलेल्या उजेडातला आठवा हिस्साही धड परत देत नाही. पृथ्वीचा दोन-तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो आणि ढग पांढरे. तिचं बिंब तिप्पट उजळ. 13.5 गुणिले 3, करा हिशेब.

फुगवलेला आकडा नाही, उलट पूर्ण पृथ्वीच्या पलीकडे गेलात तर फरक आणखी वाढतो. चंद्र अर्धा झाला की त्याचा उजेड निम्मा होत नाही, दहाव्या हिश्श्यावर येतो. कारण त्याची जमीन खडबडीत आहे आणि तिरप्या उन्हात प्रत्येक खडा आपलीच सावली दाखवतो. पृथ्वीवर ढग आणि हवा उजेड पसरवतात, म्हणून अर्धी पृथ्वी पूर्ण पृथ्वीच्या पाव ते एक-तृतीयांश तरी उजेड देते. अष्टमीची तुलना केली तर पृथ्वी चाळीसपट नव्हे, शंभरपटीच्या घरात जाते.

आणि हे सगळं घरबसल्या तपासता येतं. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी पश्चिमेला बारीक कोर दिसते तेव्हा उरलेला चंद्रही राखाडी दिसतो, बघितलाच असेल. तो राखाडी भाग म्हणजे चंद्रावरची रात्र, पृथ्वीच्या उजेडात न्हालेली. चंद्राची कोर बारीक तेव्हा तिथून पृथ्वी जवळपास पूर्ण, म्हणून तेव्हाच तो ठसठशीत दिसतो. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कारण लिहून ठेवलं. त्याला वाटलं समुद्र चमकतात, प्रत्यक्षात मोठा वाटा ढगांचा. कॅलिफोर्नियाच्या बिग बेअर वेधशाळेने 1998 ते 2017 हाच राखाडी उजेड मोजला आणि त्यावरून पृथ्वीची चमक दर चौरस मीटरला अर्ध्या वॅटने उतरल्याचं दाखवलं. म्हणजे पृथ्वी किती चमकते हे मोजायला चंद्राचा आरसा वापरला.

शंकेखोर

ठीक. डांबराचं पटलं.

रेघोट्या

बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं. खूप आभार!

लेखकांशी बोलले. तळ दक्षिणेकडे चालेल म्हणतात, चांद्रयानाच्या जागेजवळ असला तर त्यांना उलट आवडेल. "उगवताना" काढून टाकायलाही तयार झाले. पण त्यांचा एक हट्ट आहे: पृथ्वी कोरीच्या आकाराची हवी, कारण गोष्टीत मुलगी म्हणते की पृथ्वी हसतेय. आणि वेळ रात्रीचीच हवी. जमेल?

आणि केवढी काढू ते राहिलंच.

वक्री_मंगळ

हा प्रश्न भारी आहे, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" असं येतं.

चंद्राच्या आपल्याकडच्या बाजूच्या बरोबर मध्यावर पृथ्वी डोक्यावर असते. तिथे रात्र म्हणजे सूर्य क्षितिजाखाली, म्हणजे पृथ्वीपासून 90 अंशांहून जास्त लांब. आणि सूर्य इतका लांब असला की पृथ्वी अर्ध्याहून जास्त उजळलेली असणारच. सूर्यास्ताला अर्धी, मध्यरात्री पूर्ण, सूर्योदयाला पुन्हा अर्धी, आणि ही रात्र आपल्या जवळपास 15 दिवसांची. तिथे पृथ्वीची कोर फक्त दिवसाढवळ्या दिसते. चित्रांमध्ये हमखास चुकतं ते हेच: माथ्यावर कोर आणि खाली रात्र.

पण तुमच्या लेखकांचं नशीब जोरावर आहे. चांद्रयान-3 ची जागा मध्यापासून 32 अंश पूर्वेला आहे. तिथे सूर्य मावळतो तेव्हा तो पृथ्वीपासून आकाशात 58 अंशांवर असतो, आणि त्या वेळी पृथ्वीचा पाव भागसुद्धा उजळलेला नसतो. रात्रीचे पहिले अडीच दिवस पृथ्वी अर्ध्याहून कमी. विक्रम लँडरला 4 सप्टेंबर 2023 ला झोपवलं ना, सूर्य मावळतीला आला म्हणून? त्या सकाळी त्याच्या आकाशात पृथ्वीची अशीच कोर होती, बिंबाचा साधारण पाचवा हिस्सा.

तेव्हा रात्र नुकतीच पडलेली दाखवा. पृथ्वी वायव्येला, 17 अंश वर. सूर्य पश्चिमेला, क्षितिजाखाली, म्हणजे पृथ्वीकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला. म्हणून कोरीची उजळ बाजू डावीकडे आणि थोडी खाली, टोकं उजवीकडे आणि थोडी वर. तिरकं हसू म्हणा.

आणखी एक. तुमची मुलगी चंद्राच्या दक्षिण भागात उभी राहून उत्तरेकडे बघतेय. तिला पृथ्वी उलटी दिसणार, दक्षिण ध्रुव वर. नकाशातलं नेहमीचं आफ्रिका काढाल तर मुलं ओळखतील, पण आफ्रिकेचं टोक वरच्या बाजूला यायला हवं.

वक्री_मंगळ

आकाराचं सांगायचं राहिलं. पृथ्वीचं बिंब 1.9 अंश. हात लांब करून अंगठा धरला तर झाकली जाते. अपोलो 8 च्या जिम लव्हेल यांनी हेच करून बघितलं होतं. तुमच्या 40 सेंटिमीटरच्या चित्रात डोळ्यांना एका नजरेत दिसतं तेवढं, समजा 60 अंशांचं दृश्य असेल, तर पृथ्वी सव्वा सेंटिमीटरची.

तोंड वाकडं करू नका. मोठी हवी असेल तर खोटं न बोलता मोठी करता येते. दृश्य अरुंद करा. लांब पल्ल्याच्या भिंगातून बघितल्यासारखं 20 अंशांचं दृश्य घ्या, की पृथ्वी जवळजवळ 4 सेंटिमीटरची होते. फक्त मग मुलगीही लांब हवी. 1.4 मीटर उंचीची मुलगी पृथ्वीच्या बिंबाएवढीच उंच दिसायला आपल्यापासून 42 मीटर दूर, टेकडीच्या माथ्यावर उभी पाहिजे. मुलगी चेहऱ्यासकट जवळ आणि पृथ्वी मागे प्रचंड, हे दोन्ही एकदम मिळत नाही.

लाइटवाला

कोर म्हटल्यावर माझे आकडे बदलले. पाचवा हिस्सा उजळलेल्या पृथ्वीचा उजेड एक लक्सच्या आसपास राहील. त्यातही ती 17 अंशांवर, म्हणजे किरण जवळपास आडवे. सपाट जमिनीला त्यातला तिसरा हिस्सादेखील मिळणार नाही, तिथे आपल्या पौर्णिमेएवढंच चांदणं. पण जे जे उभं आहे, म्हणजे मुलीचा पोशाख, दगडांच्या पृथ्वीकडच्या बाजू, टेकडीचा उतार, ते पूर्ण एक लक्स घेईल. चित्रात हाच खेळ ठेवा: उभ्या कडा उजळ, जमीन दबलेली. सावल्या लांबच लांब, उंचीच्या सव्वातीनपट. रंग मात्र आता जवळपास गेले, पोशाखावर जरासा सुगावा लागेल इतपतच.

सावलीची कड वेगळी काढा. दिवा जितका रुंद तितकी सावलीची कड मऊ. पूर्ण पृथ्वी 1.9 अंशांची, म्हणजे एक मीटर लांब पडलेल्या सावलीची कड सव्वातीन सेंटिमीटर पसरट. सूर्याच्या उन्हात तीच कड एक सेंटिमीटरपेक्षा कमी. कोर असताना मात्र दिवा चपटा झाला, त्यामुळे कोरीच्या रुंदीच्या दिशेने सावली बऱ्यापैकी धारदार आणि लांबीच्या दिशेने मऊ. एवढं कुणी बघणार नाही, पण मी बघेन.

आणि सावली सूर्याच्या सावलीसारखीच काळी. हवा नाही, त्यामुळे आकाशाकडून भरून येणारा उजेड नाही. शेजारच्या उजळ दगडाचा परतीचा उजेड तेवढा पडेल.

ग्रहणवेडा

कोरीचा हट्ट सोडणार असाल तर याहून भन्नाट देखावा आहे. आपल्याकडे खग्रास चंद्रग्रहण असतं तेव्हा तिथे पृथ्वी सूर्याला झाकते. काळं बिंब आणि त्याच्या कडेने लाल-केशरी कंकण, म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्या पहाटा आणि सगळ्या संध्याकाळी एकाच वेळी. जमीन तांबूस. एप्रिल 1967 मध्ये सर्व्हेयर 3 ने जमिनीवरून असं ग्रहण टिपलं, आणि 14 मार्च 2025 ला ब्लू घोस्ट या यानाने. मुलगी लाल उजेडात उभी, विचार करा.

रेघोट्या

ग्रहणाचं सुचवणं मोहात पाडणारं आहे, पण लेखक हसऱ्या पृथ्वीला सोडणार नाहीत. पुढच्या गोष्टीसाठी ठेवते.

शेवटचे तीन प्रश्न, मग तुम्हाला सोडते. पृथ्वीभोवती निळी झळाळी असते ना? कोरीचा उरलेला काळा भाग करडा दाखवू का, चंद्राचा दिसतो तसा? आणि चांदण्या?

वक्री_मंगळ

झळाळी नाही. हवेचा थर पृथ्वीच्या मानाने फार पातळ. 100 किलोमीटर धरला तरी चंद्रावरून तो एका कलेपेक्षा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापेक्षा, बारीक दिसतो. साध्या डोळ्यांची मर्यादाही तेवढीच आहे. तुमच्या 4 सेंटिमीटरच्या पृथ्वीत तो तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याचा मिलिमीटर भरेल, म्हणजे सर्वात बारीक कुंचल्याची एक रेघ. ती उजळ कडेवर ओढा हवी तर. हवेचा परिणाम दुसरीकडे दाखवा: उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमा. चंद्रावर ती करवतीसारखी दातेरी असते, पृथ्वीवर ती हळूहळू विरत जाते, कारण तिथे संधिप्रकाश असतो.

काळा भाग काळाच. तिकडे फक्त चंद्राचं चांदणं पडतंय, तेही पाव लक्सपेक्षा कमी, आणि शेजारी उन्हातली कोर. डोळ्याला काही लागणार नाही. पण त्या काळ्या भागात चांदणी काढू नका हं, तिथे पृथ्वी आहे, भोक नाही.

कोरीत खंड शोधत बसू नका. तिरप्या उन्हातली पट्टी आहे, बहुतेक ढग आणि समुद्र. पांढरा जास्त, मधूनमधून निळा. समुद्रावर सूर्याची चकाकी पडली तर एक ठिकाण जास्त झगझगीत, तेवढं नक्की ठेवा.

लाइटवाला

चांदण्या काढा, भरपूर. अपोलोच्या फोटोंत नाहीत कारण ते भर उन्हात, उन्हातल्या जमिनीसाठी घेतलेले. तुमची रात्र आहे, उजेड एक लक्स. आणि हवा नसल्यामुळे पृथ्वीचा उजेड आकाशात पसरत नाही, त्यामुळे चांदण्या अगदी कोरीला खेटून दाखवल्या तरी चालतील. फक्त त्यांना टोकं काढू नका. लुकलुकत नाहीत त्या तिथे, नुसते ठिपके.

एकच सावधगिरी. त्या भागात रात्र पडली तरी उंच शिखरांच्या टोकांवर ऊन रेंगाळतं. तसं एकही शिखर चौकटीत येऊ देऊ नका. ते जमिनीहून लाखपट झगझगीत असेल, आणि मग मुलीला ना दगड दिसतील ना चांदण्या.